अपुरी वाटलेली तबकडी

१९५०च्या दशकात टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर विली नेल्सन नावाचा तरुण निवेदक गाणी लावायचा. दुपारची जेवणं उरकली आणि लहान मुलांना निजवायची वेळ झाली, की तो खास मुलांसाठी काही गाणी वाजवायचा. त्यातलं एक होतं आर्थर स्मिथ यांनी म्हटलेलं ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, म्हणजे तांबड्या केसांचा परका. एडिथ लिंडेमन आणि कार्ल स्टुट्झ या जोडीने ते लिहिलं होतं. काळ्या घोड्यावर बसून, मागे एक रिकामा तांबूस घोडा चालवत, एक परका माणूस गावात येतो. त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या मनात काहीतरी जळतंय, असं गाणं आधीच बजावतं. तरी एक बाई त्या मागच्या घोड्यावर हात ठेवते आणि तो तिला गोळी घालतो. मुलांना निजवायला असलं गाणं! पण चाल संथ, अंगाईसारखी डुलणारी. पुढे नेल्सन स्वतःच्या मुलांनाही निजवताना तेच म्हणायचा.

जवळजवळ वीस वर्षांनी, १९७५ साली, याच गाण्याभोवती त्याने एक अख्खी तबकडी रचली. अमेरिकी कंट्री संगीतात तिच्याइतकी माझ्या मनात घर करून बसलेली दुसरी तबकडी नाही. सगळी मिळून जेमतेम तेहेतीस मिनिटांची. तिची कथा सांगायची ती एवढ्यासाठी, की ज्यांनी ती विकायची होती त्यांनाच ती पहिल्यांदा ऐकताना अर्धवट वाटली होती.

आधी नेल्सन तोपर्यंत कुठे पोचला होता ते पाहायला हवं. १९३३ साली टेक्सासमधल्या ॲबट या खेड्यात त्याचा जन्म झाला. त्याला आणि थोरल्या बहिणीला, बॉबीला, आजीआजोबांनी वाढवलं. संगीताची पहिली ओळख घरातच झाली, चर्चमधल्या भजनांतून. बॉबी पियानोवर, विली गिटारवर. मोठेपणी तो नॅशव्हिलला गेला आणि गीतकार म्हणून त्याचं नाव झालं. १९६१ साली पॅट्सी क्लाइनने गायलेलं ‘क्रेझी’ त्याचं, फॅरॉन यंगने गाजवलेलं ‘हॅलो वॉल्स’ही त्याचंच. पण तो स्वतः गायला लागला की तबकड्या दुकानात पडून राहायच्या.

याचं कारण त्याच्या गळ्यात जेवढं होतं तेवढंच नॅशव्हिलच्या पद्धतीतही होतं. रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्री संगीत मागे पडू लागलं, तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी त्याला शहरी कानांना रुचेल असं रूप दिलं. खेडवळ फिडल मागे सरलं, त्या जागी व्हायोलिनांचे ताफे आले, गायकामागे मऊ आवाजांचा कोरस आला. तीन तासांच्या एका बैठकीत तीनचार गाणी उरकायची. तेच ठरावीक तयारीचे वादक सगळ्या गायकांना साथ करायचे. या पद्धतीतून अप्रतिम गाणी निघाली; ‘क्रेझी’ हे तिचंच अपत्य आहे. पण नेल्सनचं गाणं त्या साच्यात बसेना. तो शब्द ठेक्यावर टाकत नाही. ओळ मागे रेंगाळते, मध्येच घाईने पुढे येते, ऐकणाऱ्याला वाटतं आता चुकला, आणि तो अलगद समेवर येऊन उभा राहतो. आपल्याकडे ठुमरी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण मागे वीस व्हायोलिनं आणि कोरस काटेकोर तालात चाललेले असताना असं गाणं उगाच गोंधळल्यासारखं ऐकू येतं. आरसीए कंपनीसाठी त्याने १९६०च्या दशकात अशा तबकड्यांमागून तबकड्या केल्या. त्या ऐकताना मला नेहमी वाटतं, की कुणाचा तरी कोट अंगावर चढवून माणूस फोटोला उभा राहिलाय.

मग नॅशव्हिलजवळचं त्याचं घर आगीत जळालं. जळत्या घरात तो परत शिरला आणि त्याने जे वाचवून आणलं त्यात त्याची गिटार होती. घर गेल्यावर तो आणि त्याचे वादक टेक्सासमध्ये बँडेरा या गावाजवळच्या एका रँचवर जाऊन राहिले. पुढे तो ऑस्टिनला स्थिरावला. तिथे आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या सभागृहात लांब केसांचे हिप्पी आणि काउबॉय टोप्या घातलेले शेतकरी एकत्र बसून त्याचं गाणं ऐकू लागले. ॲटलांटिक कंपनीने त्याच्या दोन तबकड्या काढल्या आणि मग आपला कंट्री विभागच बंद केला. त्यानंतर कोलंबिया कंपनीशी करार झाला. त्या करारात एक कलम होतं: तबकडीत काय असावं, कशी असावी, याचा शेवटचा शब्द गायकाचा. तेव्हाच्या कंट्री गायकांत असा अधिकार क्वचितच कुणाला मिळे. पुढचं सगळं या एका कलमावर उभं आहे.

कल्पना सुचली ती गाडीत. नेल्सन आणि त्याची पत्नी कॉनी कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जहून ऑस्टिनला परतत होते. हजारेक मैलांचा रस्ता, आणि कोलंबियाला पहिली तबकडी द्यायची होती. कॉनी म्हणाली, ते मुलांसाठी म्हणायचास ते गाणं घे ना. नेल्सन विचार करू लागला. हा परका कोण? त्याच्या मागे रिकामा घोडा का? गाणं त्याबद्दल थोडंच सांगतं: तो घोडा त्याच्या गेलेल्या प्रियेचा. मग ती गेली कशी? या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता गाण्याच्या आधीची आणि नंतरची कथा तयार झाली. घरी पोचल्यावर त्याने गिटार घेऊन ती सगळी एका टेपवर गाऊन ठेवली.

कथा अशी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा अमेरिकेचा पश्चिम भाग. एक धर्मोपदेशक. बायकोवर जिवापाड प्रेम करणारा. ती एके दिवशी जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. तो रानातल्या जनावरासारखा विव्हळतो आणि तिच्या शोधात निघतो. मोंटानातल्या ब्लू रॉक गावी एका गुत्त्यात दोघं सापडतात. तो त्यांना ठार मारतो. नंतर काळ्या घोड्यावर, तिचा घोडा मागे घेऊन भटकत राहतो. पुढच्या एका गावी ती घोड्याला हात लावणारी बाई भेटते आणि तीही मरते. तबकडीची पहिली बाजू इथे संपते. दुसऱ्या बाजूला तो दक्षिणेला डेन्व्हरला येतो, एका नाचाच्या जागी एक स्त्री भेटते, आणि हळूहळू माणसात परत येण्याची वाट दिसू लागते.

या पंधरा तुकड्यांतली बरीच गाणी नेल्सनची नाहीत, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. एडी आर्नल्डचं एक जुनं गाणं, हँक कॉक्रनचं एक, चर्चमधलं ‘जस्ट ॲज आय ॲम’ हे भजन, आणि मेक्सिकोच्या हुव्हेंतिनो रोसास यांचा जगभर सर्कशीत वाजलेला तो वॉल्ट्झही. स्वतः त्याने लिहिलं ते मुख्यतः सांधणारं: उपदेशकाच्या काळाचं एक छोटं गाणं, जे पालुपदासारखं पुन्हा पुन्हा येतं. ज्याला ‘क्रेझी’ लिहिता येतं त्याने इतरांची गाणी अशी गोळा करावीत, जुनी मणीमाळ तोडून नव्या दोऱ्यात ओवावी तशी, याला फार आत्मविश्वास लागतो.

त्यातल्या एका गाण्यापाशी थोडं थांबतो. ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझ यांनी लिहिलेलं. १९४२ साली रॉय एकफ यांच्याबरोबर नॅशव्हिलची पहिली मोठी गीतप्रकाशन संस्था काढणारे हे फ्रेड रोझ. एकफनी १९४७ साली ते गायलं होतं. साधं विरहगीत: पावसात निरोप घेताना तिचे निळे डोळे भरून आले होते, आता पुन्हा भेट होईल ती देवाघरी. नॅशव्हिलमध्ये अशी शेकडो गाणी लिहिली गेली.  नेल्सनने फक्त ते कुठे ठेवलं ते पाहा. त्याच्या आधीच्या तुकड्यात उपदेशकाने बायकोला मारलेलं आहे. गोळी झाडून तो गप्प होतो, आणि पुढच्याच क्षणी हे गाणं सुरू होतं. आता ते डोळे ज्याने मिटवले तोच त्यांची आठवण काढतोय. निरोपाचं साधं गाणं खुन्याच्या पश्चात्तापाचं होऊन बसतं. ते सुटं रेडिओवर ऐकलं तर गोड वाटतं. तबकडीत ऐकलं की अंगावर येतं. केवळ जागेने गाण्याचा अर्थ पालटल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

आणि ते वाजतं कसं? गिटारवर साधे सूर, पाठीमागे हलकासा बास. नेल्सनचा आवाज किंचित नाकातला, बोलल्यासारखा. मध्येच गिटार एकटीच चाल वाजवते, तान नाही, कसरत नाही. गाण्याचीच ओळ, जरा थांबत, जणू बोलणाऱ्याला शब्द सापडेनात. सव्वादोन मिनिटांच्या आसपास सगळं संपतं.

ती गिटार मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची. नेल्सनने ती १९६९ साली न पाहता, फोनवरून सौदा करून, ७५० डॉलरला घेतली. आधीची गिटार कार्यक्रमात कुणी नशेत तुडवून मोडली होती. तिच्यातला विजेवर चालणारा पिकअप नॅशव्हिलच्या कारागिराने या नव्या गिटारीत बसवला. रॉय रॉजर्स या पडद्यावरच्या काउबॉयच्या घोड्यावरून तिचं नाव ट्रिगर ठेवलं. नायलॉन तारांच्या गिटारी बोटांनी वाजवायच्या असतात, त्यामुळे लाकडाला संरक्षण देणारी पट्टी त्यांना नसते. नेल्सन मात्र प्लेक्ट्रमने वाजवतो. वर्षानुवर्षं ते घासून घासून गिटारीच्या पुढच्या पाटाला आरपार भोक पडलं. स्टीलच्या तारांचा खणखणाट तिच्यात नाही. स्वर गोल, जरा बोथट, आणि वाजून झाल्यावर लवकर विरणारा. दोन सुरांमध्ये शांतता ऐकू येते ती त्यामुळेही.

१९७५च्या जानेवारीत नेल्सन आपल्या वादकांना घेऊन डॅलसजवळच्या गार्लंड गावातल्या ऑटम साउंड या नव्या स्टुडिओत गेला. नॅशव्हिलचे पगारी वादक नव्हते, रस्त्यावर त्याच्याबरोबर फिरणारे होते: बहीण बॉबी पियानोवर, मिकी राफेल माउथऑर्गनवर, पॉल इंग्लिश ड्रमवर, बी स्पिअर्स बासवर, शिवाय दोघे गिटारवादक. एकमेकांच्या श्वासाची सवय असलेली माणसं. काही दिवसांतच काम उरकलं, खर्च काही हजार डॉलर. कोलंबियाच्या मानाने ही रक्कम नगण्य होती. ध्वनिमुद्रक फिल यॉर्क यांनी सवयीप्रमाणे आवाजाला थोडा उठाव, थोडी झिलई दिली. नेल्सनने ऐकलं आणि ते काढायला लावलं. खोलीत वाजलं तसंच हवं होतं.

या तबकडीत काय काय नाही याची यादी केली तर तीच मोठी होईल. व्हायोलिनं नाहीत, कोरस नाही, बराच वेळ ड्रमही नाहीत. एखाद्या तुकड्यात नुसता पियानो, जणू शेजारच्या खोलीत कुणी चर्चमधलं भजन वाजवतंय. कथा सांगणारे बहुतेक लोक कथेची पोकळी भरायला धावतात. इथे खून होतो तेव्हाही वाद्यांचा आवाज चढत नाही. खून केल्यावर माणसाच्या आत जे सुन्न होतं ते त्या सपाटपणात आहे. मला तरी ते कुठल्याही ऑर्केस्ट्राने दाखवता आलं नसतं असं वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचे वरिष्ठ अधिकारी ब्रूस लंडव्हॉल यांच्यासमोर ही टेप वाजली तेव्हा मात्र त्यांना हा कच्चा नमुना वाटला. नंतर यावर वाद्यं चढवायची असतील, अशी त्यांची समजूत. नॅशव्हिलमध्ये कंपनीचे सर्वांत यशस्वी निर्माते बिली शेरिल होते; टॅमी वायनेट आणि चार्ली रिच यांच्या श्रीमंत नादाच्या तबकड्या त्यांच्याच हातच्या. टेप त्यांच्याकडे पाठवून जरा सजवून घ्यावी, असा विचार निघाला. नेल्सनचा व्यवस्थापक नील रेशन त्या भेटीला वेलन जेनिंग्जलाही घेऊन आला होता. वेलन म्हणजे त्याच पिढीतला दुसरा बंडखोर गायक आणि नेल्सनचा दोस्त. सजवण्याची गोष्ट ऐकताच वेलन उसळला आणि त्याने लंडव्हॉलना शेलक्या शब्दांत सुनावलं. हा प्रसंग पुढे त्यानेच सांगितला. लंडव्हॉल यांच्याकडे वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. त्यांच्या कानांना वर्षानुवर्षं जे ऐकायची सवय होती, त्यात या शांततेला जागाच नव्हती. शेवटी करारातलं कलम आड आलं, आणि टेप होती तशीच १९७५च्या मे महिन्यात तबकडी म्हणून बाजारात गेली.

मग जे झालं ते कोलंबियाच्या कुणाच्याही हिशेबात नव्हतं. ‘ब्लू आइज’ सुटं गाणं म्हणून निघालं आणि ऑक्टोबरमध्ये बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. बेचाळिशीत पोचलेल्या नेल्सनचं गायक म्हणून पहिलं क्रमांक एकचं गाणं, आणि तेही दुसऱ्या कुणी लिहिलेलं! पॉप यादीतही ते पहिल्या पंचविसात आलं. १९७६ साली त्याला ग्रॅमी मिळालं. एल्विस प्रेस्लीने त्याच वर्षी ते स्वतः गाऊन मुद्रित केलं. तबकडी कंट्रीच्या यादीत पहिली आली, सर्वसाधारण यादीत अठ्ठाविसावी, आणि पुढे वीस लाख प्रतींच्या विक्रीसाठी दिला जाणारा डबल प्लॅटिनमचा मान तिला मिळाला.

समीक्षकांत एकमत नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये पॉल नेल्सन यांनी तिची तुलना थेट हेमिंग्वेशी केली: जे ओळींत लिहिलेलं नाही तेच जोर धरतं, या अर्थाने. उलट न्यूयॉर्कचे रॉबर्ट क्रिस्टगाउ यांना सुटी गाणी आवडली, पण कथेच्या चौकटीने ती बिघडवली असं वाटलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कथा खरोखर विस्कळीत आहे. डेन्व्हरची स्त्री कोण, तिचं पुढे काय झालं, हे स्पष्ट होत नाही. शेवटच्या भागातले म्हातारा आणि मूल कुठून आले, हेही ऐकणाऱ्यानेच जुळवायचं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. घोड्याला हात लावणाऱ्या बाईला मारल्यावर गाणं म्हणतं की त्या माणसाला फाशी देता आलं नाही, कारण ती त्याचा घोडा चोरत होती. दोन बायका मरतात, त्यातल्या एकीचा गुन्हा घोड्याला हात लावणं एवढाच, आणि तबकडीची सगळी सहानुभूती मारणाऱ्याच्या बाजूने आहे. अमेरिकी लोकगीतांत बाईच्या खुनाची गाणी जुनी आहेत, हे गाणंही त्याच कुळातलं. परंपरा आहे म्हणून मला ते सोपं जात नाही. तरी एक गोष्ट लक्षात येते. तो माणूस धर्मोपदेशक आहे, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी वाजणारं ‘जस्ट ॲज आय ॲम’ हे पाप कबूल करून देवासमोर जाण्याचं भजन आहे. त्यात शब्द नाहीत, फक्त वाद्य. कायदा त्याला सोडतो. भजन त्याच्या पाठीशी लागतं. शब्द गाळले नसते तर हा अर्थ उपदेशासारखा वाटला असता.

१९७६च्या जानेवारीत आरसीएने वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉम्पल ग्लेझर यांची जुनी गाणी एकत्र करून ‘वाँटेड! द आउटलॉज’ ही तबकडी काढली, आणि ती दहा लाख प्रती खपून प्लॅटिनम ठरलेली कंट्रीतली पहिली तबकडी झाली. ‘आउटलॉ’ हे नाव बाजाराला भावलं. दाढ्या, चामड्याची जाकिटं, दरोडेखोरांच्या जाहिरातीसारखं मुखपृष्ठ. गार्लंडच्या स्टुडिओत जे घडलं त्याच्याशी या थाटाचा संबंध थोडाच. तिथे एका माणसाने आपल्या बहिणीला आणि मित्रांना घेऊन जुनी गाणी हळू आवाजात वाजवली होती, आणि ती तशीच राहू देण्याचा हक्क कागदावर लिहून घेतला होता. तोच हक्क घेऊन त्याने १९७८ साली ‘स्टारडस्ट’ ही जुन्या अमेरिकी सुगम गाण्यांची तबकडी केली, तीही कंपनीला पटली नव्हती आणि तीही वर्षानुवर्षं खपत राहिली.

१९८६ साली या कथेवर चित्रपट झाला, नेल्सन स्वतःच उपदेशक. २००९च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही तबकडी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन करण्यासाठी निवडली. बॉबी नेल्सन २०२२ साली वारली. जवळजवळ पन्नास वर्षं ती भावाच्या बाजूला पियानोवर बसत आली होती.

तबकडी ऐकायची तर एका बैठकीत ऐकावी. शेवटचा तुकडा ‘बँडेरा’ नावाचा. त्यात शब्द नाहीत. उपदेशकाची कथा आधीच्या गाण्यात संपलेली असते, आता फक्त ती भोक पडलेली गिटार घाई न करता वाजत राहते. घर जळाल्यावर नेल्सन आणि त्याचे वादक ज्या गावाजवळ आसऱ्याला गेले होते, त्या गावाचं हे नाव.